बाईंचा हात

पडद्यावर वरून एक हात खाली आला. नुसता हात. मागे माणूस नाही, बाही नाही. गुलाबी, फुगीर बोटांचा, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ बांधलेला. खालच्या हिरव्या पट्टीवर एक फूल नुकतं कुठे डोकं वर काढत होतं, ते त्या हाताने मुळासकट उपटलं. शेजारी फुगा उमटला, ‘असं नाही गं, असं!’ हात वर गेला. दुसरं फूल उगवायला लागलं. हात परत खाली. तिसरीची पोरं खुर्च्या ढकलत त्या एका यंत्राभोवती गोळा झाली आणि पोट धरून हसायला लागली. आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या संगणकाच्या बाई, चष्मा कपाळावर चढवून, आधी त्यांच्याबरोबर मनमुराद हसल्या. मग त्यांची नजर घड्याळावर गेली. पडद्यावरच्या नव्हे, स्वतःच्या मनगटावरच्या. काळा पट्टा.

“हा कोणाचा गं हात?” तरी त्यांनी विचारलंच.

“तुमचा,” मुंगी म्हणाली. वर्गातली सगळ्यांत बुटकी पोर, पडद्यापर्यंत नजर पोचावी म्हणून खुर्चीवर दप्तर ठेवून त्यावर बसणारी. नाव वर्गानेच ठेवलेलं आणि तिने बिनतक्रार घेतलेलं. आवाजात खोडी नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

“आणि फुलं?”

“फुलं आम्ही. सगळ्यांनाच काढणार होते, पण तास संपत आला.”

काम बाईंनीच दिलेलं. ओळखीच्या एका माणसाला पडद्यावर हलतं-बोलतं करा. हुकमाचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, वरचा हुकूम झाला की खालचा, एवढंच ते प्रोग्रॅमिंग. पण आठ वर्षांच्या जिवाला एवढंच म्हणजे डोंगर. कुणी शिंकणारे आजोबा केले होते, कुणी फोनवर ‘हॅलो हॅलो’ करत भिंतीवर आपटणारा बाप. मुंगीने बाई केल्या. आणि केल्या त्या काय सुबक! फूल किती वेळात वाढावं, हाताने नेमकं कधी यावं, फुगा कधी पुसला जावा, सगळं चोख. बाईंना ते कौतुक वाटायला लागलं आणि त्याच कौतुकात काहीतरी टोचायलाही लागलं, जेवताना घासात खडा यावा तसं.

“बरं, पण याला ‘कायम’चा ठोकळा कशाला लावलास? कधी तरी थांबव की त्या हाताला.”

“पण तो थांबत नाही ना, बाई.”

घंटा झाली. पोरं दाराकडे सुटली, दारात चपला-बुटांचा नेहमीचा गोंधळ झाला, एकाचा डावा बूट दुसऱ्याच्या पायात गेला, तो परत आला, आणि मग लॅबमध्ये नुसती यंत्रांची घरघर उरली. बाई मुंगीच्या खुर्चीवर बसल्या. पडद्यावर हात येतच होता. त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो तिथे कुणीतरी विसरून गेलंय. तर हा हात. हा काय करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच? पोर अडलं, की ‘थांब हं बाळा’ म्हणायचं, त्याच्या इवल्या मुठीवर आपला पंजा ठेवायचा, मूठ अलगद सोडवून माउस आपल्याकडे घ्यायचा, टिक-टिक-टिक, ‘बघ, झालं की नाही?’ आणि पुढच्या पोराकडे. किती प्रेमाने करत होत्या त्या हे! कधी कुणावर ओरडल्या नाहीत, कधी कुणाला चापट मारली नाही. वर्गाच्या बाहेर मास्तर पोरांना काय काय बोलतात ते कानांनी ऐकायच्या आणि स्वतःशी म्हणायच्या, आपल्याकडे बघा, आपल्याकडे पोरं धावत येतात. येत होतीच धावत. शिवाय रोज सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन त्या एकेक यंत्र उघडायच्या आणि आदल्या दिवशी पोरांनी जिथे तिथे भिरकावलेली चित्रं परत जाग्यावर आणून ठेवायच्या. कुणाचा हत्ती पडद्याबाहेर गेलेला, कुणाचं विमान उलटं, कुणाचा चेंडू दडवून ठेवलेला. अंथरुणं घालावीत तशी सगळी नीट लावून ठेवायची. पोराने येऊन हिरवं बटण दाबलं, की चाललंच पाहिजे. रडवेलं तोंड बघवत नसे त्यांना. आता हा त्यांचा दोष म्हणायचा की काय?

म्हणायचा तर म्हणा, पण शाळेत त्यांच्या नावाने दुसरंच चाललं होतं. महिनाअखेरीस पालकांना लॅब दाखवायची होती. पालक येणार, शाळेची समिती येणार, आणि त्यांच्याबरोबर एक टायवाला येणार. टायवाला एका कंपनीचा. त्याच्याकडे तयार धडे होते, तयार परीक्षा, तयार प्रमाणपत्रं. पोराने एक बटण दाबलं की रॉकेट उडतं, दुसरं दाबलं की घरी बापाच्या फोनवर शाबासकी जाते. समितीला ते फार आवडलेलं. मुख्याध्यापिकांनी बाईंना आत बोलावून खालच्या आवाजात सांगितलं होतं, “त्या दिवशी काही अडायला नको, बाई. सगळं गुळगुळीत झालं पाहिजे. नाहीतर लॅब त्याच्याकडे गेली समजा. मग तुम्हाला कुठे घालू मी, वाचनालयात पुस्तकं झटकायला?” मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. दमलेल्या होत्या. आणि पालकांबद्दल काय बोलावं! तान्हं पोर फोनवर बोट फिरवतं तर यांचं ऊर भरून येतं, आमचा हा ना, नुसता जन्मजात! अहो, बोट तर माकडही फिरवील. पोराला काय येतं हे यांना बघायचंच नसतं, यांना बघायचं असतं पोरासमोर काय हलतंय ते. आणि आपण तरी काय करत होतो, बाईंच्या मनात आलं, आपण तरी तेच, हलवून देत होतो. टायवाला आणि आपण, फरक काय? तो टाय घालतो.

पडदा विझवून त्या उठल्या, पण हात डोळ्यांपुढून जाईना. बसमध्ये खिडकीशी बसल्या तरी येत होता. आणि त्या हाताच्या मागे त्यांना दुसराच एक हात दिसायला लागला. त्या स्वतः शिकायला जात त्या जिन्याखालच्या संगणक-संस्थेतल्या सरांचा. अख्ख्या संस्थेत एकच यंत्र, त्यावर प्लास्टिकचा झगा, आणि झगा काढायचा मान सरांचा. पोरं-पोरी मागे अर्धगोल करून उभी. सर कळफलकावर दोन्ही पंजे पसरून बसायचे, कोंबडी अंड्यांवर बसते तसे, आणि ‘लक्ष द्या’ म्हणायचे. लक्ष कशाला द्यायचं? सरांच्या टकलाला? बाई तेव्हा परकरातल्या पोर नव्हत्या, चांगल्या कॉलेजात जाणाऱ्या, पण उंचीने मार खाल्लेल्या. मागून काही दिसत नसे. त्यांनी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर कळफलक काढला होता, पेनने, एकेक चौकोन आखून, आणि घरी मांडीवर घेऊन त्यावर बोटं आपटायच्या. काही उमटत नसे. चुकलं तरी कळत नसे, बरोबर आलं तरी कळत नसे. पुठ्ठ्यावर शिकलेली बाई मी, असं त्या पुढे हसत सांगायच्या, आणि हसताना जबडा आवळलेला असायचा. कोणी शिकवलं नाही. जे आलं ते ओरबाडून आलं. आणि शाळेत पहिल्यांदा लॅबची किल्ली हातात पडली तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, माझ्या एकाही पोराला मागे उभं राहावं लागणार नाही. नाहीच राहिलं कुणी मागे. खुर्चीत बसवलं सगळ्यांना. खुर्चीत बसवून माउस काढून घेतला.

घरी आई खिडकीपाशी फोन घेऊन बसली होती. म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती फोन कानाच्या रेषेत धरून तिरकं बघायची, पोपटासारखी. “आलीस? बरं झालं. जरा तुझ्या ताईला लावून दे. मघापासून हा मेला मला माझंच तोंड दाखवतोय.” बाईंचा हात पुढे गेला. फोनपर्यंत गेला आणि तिथेच अधांतरी राहिला.

“तू लाव,” त्या म्हणाल्या.

“मी? आणि तू कशाला आहेस मग?”

“मी बघते.”

“काय बघायचंय त्यात? माझी फजिती? तुझा हात पटकन चालतो, माझा अर्धा तास जाईल.”

“जाऊ दे.”

आईने लेकीकडे चांगल्या डोळ्याने पाहिलं. “नोकरी गेली का तुझी?”

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या आईच्या पायाशी जमिनीवरच बसल्या. आई शिवणकाम करायची. घरात एकच मशीन, त्यावर घर चालायचं. तरी सुट्टीत पोरीला त्या मशीनवर बसवायची आणि बाजूला उभीसुद्धा राहायची नाही. बाईंनी पहिला फ्रॉक शिवला तो स्वतःसाठी. डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे. घातला तर दोन्ही खांदे असे ताठले, की जणू कुणी मागून दोरी ओढतंय. आईने उसवायची कात्री तेवढी पुढे सरकवली. तीनदा उसवला तो फ्रॉक, कापडाची चाळण झाली, आणि तिसऱ्या खेपेला बाही बसली तेव्हाचा खांद्याचा तो मोकळेपणा बाईंना इतक्या वर्षांनी त्या जमिनीवर बसल्या बसल्या परत जाणवला, हात वर केला आणि हात वर गेला. जगात कुणाला काही शिकवता येतं याचा एवढाच पुरावा त्यांच्यापाशी होता.

“आई, तेव्हा तुला माझ्या हातातून कापड घ्यावंसं नाही वाटायचं?”

“न वाटायला मी काय दगड आहे? बोटं नुसती शिवशिवायची. चांगलं कापड होतं गं ते.” आईचं बोट फोनवर चाचपडत होतं. “म्हणून तर आत जायचे आणि धुतलेली भांडी परत घासायचे. तुझ्या त्या एका फ्रॉकपायी आपली पातेली काय लखलखली होती! शेजारीण विचारायला आली, पाहुणे येणारेत का म्हणून. अगं, हे बघ काय झालं, हा कोण माणूस?”

ताईच्या ऐवजी फोन दूधवाल्याला लागला होता. आईने कापला नाही. लागलाच आहे तर म्हणून तिने त्याला दूध पातळ येत असल्याबद्दल चार शब्द सुनावले, मग परत शोधायला लागली. बाई उठून आत गेल्या. घासायला काही सापडेना म्हणून नळ सोडून त्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने बाहेरून आईचा आवाज आला, “दिसतेस, दिसतेस! अगं, मी लावला! मीच!”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचं आवरणं बंद केलं. पोरांना काही सांगितलं नाही. पहिल्याच तासाला नुसता हलकल्लोळ. “बाई, माझा हत्ती पळाला!” “बाई, हे चालत नाहीये, हे बिघडलं!” “बाई, या ना!” त्या गेल्या. जाऊन शेजारी उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत डस्टर घट्ट धरून, आणि म्हणाल्या, “तू त्याला काय सांगितलं होतंस? वाच बघू वरून.” हे सांगणं सोपं वाटतं. करून बघा. पोराच्या डोळ्यांत पाणी जमतंय, चूक तुम्हाला ढळढळीत दिसतेय, एक ठोकळा इकडचा तिकडे, आणि तुम्ही डस्टर पिळत उभे. बाईंच्या पाठीला घाम यायचा. एका मुलाने सरळ सांगितलं, “तुम्ही पूर्वी चांगल्या होतात.” दुसरा घरी जाऊन म्हणाला, आमच्या बाईंना आता येत नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी फाटकाशी हजर, अगदी काळजीने, तब्येत बरी आहे ना, बाई? पण हळूहळू खोलीतला आवाज बदलला. बाई-बाई कमी झालं, आपापसांत भांडणं वाढली. “अरे, तू त्याला वळायलाच नाही सांगितलंस, तर तो वळेल कशाला, शहाणा?” असलं काही कानावर पडलं, की बाई भिंतीकडे तोंड करून हसायच्या. फक्त मुंगी काही विचारत नसे नि भांडतही नसे. ती आपल्या दप्तरावर बसून एक गोगलगाय करत होती. गोगलगाय रस्ता ओलांडते, गाड्या थांबतात, पलीकडे एक दार आहे, दारात शिरते आणि दिसेनाशी होते. बस्स. पण गाड्या थांबायच्या त्या अशा ऐटीत, की बघणाऱ्याने टाळी द्यावी.

दाखवायच्या दिवशी सकाळी मुंगीने राहिलेला शेवटचा ठोकळा जोडला आणि एकदा चालवून पाहिली. झकास चालली. गोगलगाय रमतगमत गेली, दारात शिरली, नाहीशी झाली. बाई लांबून बघत होत्या. गेली, पण परत कोण आणणार तिला? शेवटचा हुकूम ‘लप’. आणि सुरुवातीला ‘दिस’ म्हणून कुठेच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. इतकी वर्षं लपलेलं सगळं सकाळी बाईच बाहेर काढून ठेवत आलेल्या. या चुकीशी पोरांची कधी गाठच पडू दिली नव्हती. परवापर्यंत हत्ती नि विमानंच भरकटत होती, ती सापडली. लपलेली गोगलगाय ही आजच, पहिल्यांदा. मुंगी खाली प्रार्थनेला गेली. लॅबमध्ये कुणी नव्हतं. दोन ठोकळे. एक ‘दिस’, एक ‘पहिल्या जागी जा’. चुटकीचं काम. मुंगीला कळलंही नसतं. बाई त्या यंत्रापाशी गेल्या, माउसवर हात ठेवला. गार होता. वाचनालय डोळ्यांपुढे आलं, पुस्तकांची धूळ, टायवाल्याचं रॉकेट. एकच दिवस, त्या स्वतःला म्हणाल्या, उद्यापासून नाही. मग त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते, आणि त्यांनी हात उचलला.

पालक आले. शिंकणारे आजोबा झकास शिंकले. हत्तीने सोंड हलवली. टायवाला मान डोलवत होता, फार गोड, फार गोड. मग सगळे मुंगीपाशी आले. तिने हिरवं बटण दाबलं. रस्ता आला. गाड्या आल्या, ऐटीत थांबल्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं. गाड्या थांबून राहिल्या, मग निघून गेल्या. मुंगीने परत दाबलं. परत तेच. कुणीतरी खोकलं. “गोगलगाय कुठेय, बेटा?” समितीतल्या एकाने विचारलं. मुंगीचे कान लाल झाले. मुख्याध्यापिकांनी बाईंच्या कोपराला हिसका दिला, “अहो, बघा ना जरा!” टायवाला हसून म्हणाला, “आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. आमच्याकडे मुलांना चुकताच येत नाही.” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतका मूर्ख माणूस इतक्या चांगल्या इस्त्रीत त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मग एक खुर्ची ओढली आणि मुंगीपासून चांगल्या हातभर अंतरावर बसल्या.

“ती शोधतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही चहा पिऊन या.”

गेले. मुख्याध्यापिका जाताना ज्या नजरेने बघून गेल्या ती नजर वाचायला शिक्षण लागत नव्हतं. मुंगी पडद्यापुढे बसून होती. बाईंना तिच्या मानेची ती बारीक शीर दिसत होती, उडणारी. एका क्षणी तिने मान वळवली, आणि बाईंना वाटलं आता ही ‘बाई’ म्हणेल आणि आपण उठू, कंपनी गेली खड्ड्यात आणि तत्त्व गेलं खड्ड्यात, पोरीला जवळ घेऊ. ती ‘बाई’ म्हणाली नाही. दप्तरावरून खाली उतरली. कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि स्वतःलाच हुकूम द्यायला लागली. “सुरू. चाल. थांब, गाडी. चाल.” टेबलांच्या मधून रस्ता ओलांडत ती दारापाशी पोचली. “दारात जा. लप.” बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. खोली रिकामी झाली. बाहेरून तिचा आवाज आला, “सुरू.” मग बराच वेळ काही नाही. परत, जरा मोठ्याने, “सुरू!” बाईंच्या घशाशी ‘आत ये’ आलं होतं. ते त्यांनी दातांत धरून ठेवलं. आयुष्यात कुठला शब्द एवढा जड लागला नव्हता.

“अगं बाई!” दारामागून आवाज आला. “मी तर बाहेरच आहे! मला कुणी आत बोलवलंच नाही!”

दार भिंतीवर आपटलं. मुंगी धावत आली, दप्तरावर चढली, ठोकळे धुंडाळले, ‘दिस’ सापडला, लावला, बटण दाबलं. गोगलगाय दिसली. पण दिसली ती पलीकडच्या दारातच, आणि तिथून चालायला लागून सरळ पडद्याबाहेर गेली. “हो गं, हो,” मुंगी तिला म्हणाली, मोठ्या बाईसारखी, “आधी मागे जायचं असतं, नाही का.” आणि तोही ठोकळा लावला. आता गोगलगाय रस्त्याच्या अलीकडे उभी होती. गाड्या थांबल्या. ती निघाली.

मुख्याध्यापिका केव्हा परत आल्या ते कळलं नाही. दारात उभ्या होत्या, हातात बाईंसाठी आणलेला चहा. गोगलगाय दारात शिरेपर्यंत त्या बघत राहिल्या. मुंगीने लगेच परत बटण दाबलं, परत निघाली. परत दाबलं, परत निघाली.

“तुम्ही केलंत?”

“नाही.”

मुख्याध्यापिकांनी चहा टेबलावर ठेवला. “खाली सगळे एकच विचारतायत, या बाई नेमकं करतात तरी काय. टायवाला कागद काढून बसलाय. काय सांगू मी त्यांना?”

“सांगा,” बाई म्हणाल्या, “बसल्या होत्या.”

“आणि गप्प होत्या,” मुंगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “तेही सांगा.”